मशीनमधल्या बिघाडामुळे कामावर दुखापत झाली, आता भरपाई कशी मिळवायची? (अगदी पहिल्या दिवसापासून)

पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं, वळवायचं मशीन) कुणाचं बोट गेलं की त्याच दिवशी दोन कामं होतात, माणसाला हॉस्पिटलात नेतात आणि मशीनला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनची जाळी किंवा झाकण, बसवतात. दुसऱ्या दिवशी कुणीही बघायला येऊ दे, मशीन एकदम चकाचक, पिवळा रंगसुद्धा ताजा मारलेला. मग सहा-आठ महिन्यांनी केस उभी राहिली की मालकाचं लेखी म्हणणं येतं, गार्ड होतंच साहेब, कामगारानेच काढून ठेवलं होतं. आता सिद्ध करत बसा.

कायदा कामगाराच्या बाजूने बऱ्यापैकी चांगला आहे, पण लोक हरतात ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून त्या दिवसांवर मी जास्त लिहिणार आहे, कोर्टाचा भाग त्यामानाने थोडक्यात.

कायद्याबद्दल एवढं आधी लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यात १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेले. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा बघायचा, नंतरचा असेल तर संहिता. भरपाईचा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे, फक्त आयुक्ताच्या, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' असे शब्द आले. खाली मी जुनी, लोकांच्या तोंडातली नावंच वापरलीत.

चूक कुणाची, हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही

बरेच जण इथेच माघार घेतात. "माझंच लक्ष नव्हतं, कुठल्या तोंडाने मागू?" असं म्हणतात. अहो, भरपाईला फक्त एवढंच लागतं की अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला. मशीन का बिघडलं, मेंटेनन्स कुणी केला नाही, मालकाचा हलगर्जीपणा होता की नव्हता, यातलं काहीही सिद्ध करायची गरज नाही. तुमचं क्षणभर लक्ष उडालं, हात नको तिथे गेला, तरी भरपाई मिळते.

मालकाला पळवाटा तीनच आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली होता, किंवा त्याने सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम किंवा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठीच बसवलंय हे माहीत असताना त्याने गार्ड किंवा सेफ्टीचं साधन मुद्दाम काढलं. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर या तिन्ही पळवाटा बंद. बोट, हाताचा भाग, एक डोळा अशा अर्धवट नुकसानीतच त्या चालतात.

मशीनचे पुरावे लागतात ते याचसाठी. मालकाला दोषी ठरवायला नव्हे, त्याची ही तिसरी पळवाट बंद करायला. गार्ड मुळात नव्हतंच, किंवा सुपरवायझरनेच प्रॉडक्शन वाढवायला काढायला लावलं, किंवा गार्ड होतं पण क्लच घसरून प्रेस रिपीट मारत होती (एकदा दाबलं की आपोआप पुन्हा खाली येत होती) त्यामुळे गार्डचा काही उपयोगच नव्हता, यातलं जे खरं असेल ते दाखवता आलं पाहिजे. 'मुद्दाम काढलं' हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, पण तो दोन सुपरवायझर साक्षीला उभे करतो आणि तुमच्याकडे काहीच नसेल तर निकाल त्याच्या बाजूला झुकायला वेळ लागत नाही.

मशीनचे फोटो, आणि ते नेमके कशाचे

जखमी माणूस हॉस्पिटलात असतो, त्यामुळे हे काम शिफ्टमधल्या मित्राचंच. नुसता लांबून मशीनचा फोटो काढून फारसा उपयोग नसतो.

पॉवर प्रेस असेल तर डायच्या (पत्र्याला आकार देणारा साचा) पुढचा भाग जवळून घ्या, गार्ड आहे का, नसेल तर गार्ड बसवायच्या बोल्टची भोकं रिकामी आणि गंजलेली आहेत का. गंजलेलं भोक खूप काही सांगून जातं, कारण काल काढलेल्या गार्डचं भोक गंजलेलं नसतं. फूट पेडल असेल तर त्यावर झाकण आहे का. दोन हातांनी दाबायची बटणं असतील तर ती जवळून बघा, बऱ्याच ठिकाणी एक बटण कायमचं दाबलेलं राहावं म्हणून त्यावर टेप मारलेली असते किंवा कडेला काडी खोचलेली असते, म्हणजे एका हाताने काम होतं आणि दुसरा हात डायमध्ये मोकळा. सेन्सर असेल तर पॅनेलमध्ये त्याची वायर थेट जोडून बायपास केलीय का ते बघा, पण पॅनेल उघडंच असेल तर फोटो काढा, स्वतः हात घालू नका. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे, ऑपरेटरच्या हाताला येतो का, तेही घ्या.

ग्राइंडरचं चाक फुटलं असेल तर चाकाचे तुकडे जपा, खासकरून ज्या तुकड्यावर आरपीएम (मिनिटाला किती फेरे) छापलेला असतो तो. चाक कमी आरपीएमचं आणि मशीन जास्त आरपीएमचं, ही गोष्ट अगदी नेहमीची आहे आणि एका फोटोत दिसते. चेन ब्लॉक, क्रेन, लिफ्ट तुटली असेल तर साधनावर लिहिलेला किती वजनाचा भार चालतो तो आकडा आणि शेवटच्या तपासणीची तारीख टिपून ठेवा. फॅक्टरीज अॅक्ट १९४८ मध्ये होइस्ट आणि लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा आणि क्रेन, साखळ्या, दोर अशा उचलायच्या साधनांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितलेली होती, त्याचं रजिस्टर ठेवावं लागायचं. तारीखच लिहिलेली नाही, हाही पुरावाच.

कुठलंही मशीन असो, नेमप्लेटचा फोटो हवाच. कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, वर्ष. पुढे मशीन भंगारात गेलं किंवा बदललं तरी तेच मशीन होतं हे यावरून कळतं.

आणि सगळ्यात भारी पुरावा मशीनवर नसतोच, तो व्हॉट्सअॅपवर असतो. "साहेब तीन नंबरची प्रेस डबल मारतेय, मेंटेनन्सला सांगा" असा मेसेज अपघाताच्या चार दिवस आधीचा असेल तर मालकाचा वकील त्यावर फार बोलत नाही. शिफ्टच्या ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकायच्या आत त्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. फोटोही क्रॉप करू नका, फिल्टर नको, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा म्हणजे तारीख-वेळ त्यातच राहते. ब्रेकडाउन रजिस्टर किंवा लॉगबुकचं पान मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आत मोबाइल नेऊ देत नसतील तर? मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, ज्याला सगळे डिश म्हणतात, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा. अमुक तारखेला अमुक मशीनवर अपघात झाला, मशीनची तपासणी करावी, आणि त्या अर्जाची पोच घ्यायची. मालकालाही अपघात कळवायचं बंधन आहेच, जुन्या फॅक्टरीज अॅक्टमध्ये कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर नोटीस द्यावीच लागायची, पण तो कळवेल यावर विसंबून राहू नका. पोलिसांत तक्रार दिली तर जागेचा पंचनामा होतो. मशीन चालवण्यातल्या किंवा सांभाळण्यातल्या हलगर्जीपणासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, २८९. तक्रार द्यायची की नाही हा तुमचा निर्णय, नोकरीचा विचार माणूस करतोच, पण पंचनाम्यासारखा कागद दुसरीकडून मिळत नाही हेही खरं.

साक्षीदारांचं म्हणाल तर सोबतचे कामगार घाबरतात, आणि घाबरण्यात त्यांची चूक नाही. आज कुणाकडून काही लिहून घ्यायची गरज नाही. त्या वेळी बाजूच्या मशीनवर कोण होतं, शिफ्ट इन्चार्ज कोण, गाडीत घालून हॉस्पिटलात कुणी नेलं, एवढी नावं टिपून ठेवा. नोकरी सोडलेला सहकारी दोन वर्षांनी बिनधास्त साक्ष देतो.

हॉस्पिटलात तोंडातून काय निघतं, ते जपून

कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? सोबत सुपरवायझर आलेला असतो आणि तोच पटकन उत्तर देतो, "बाइकवरून पडला" किंवा "घरी दरवाजात बोट आलं." तुम्ही वेदनेत, घरचे अजून पोचलेले नाहीत, आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं. पुढे सगळ्यात जास्त डोकेदुखी याच ओळीची होते, कारण उलटतपासणीत वकील हाच कागद पुढे करतो आणि म्हणतो तुम्ही स्वतःच डॉक्टरांना असं सांगितलंय.

म्हणून शुद्धीत असाल तर स्वतः सांगा: अमुक कारखान्यात, अमुक मशीनवर काम करताना, इतक्या वाजता. शक्य असेल तर मेडिको-लीगल केस (एमएलसी), म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवायची नोंद, करायला सांगा. चुकीचं लिहिलं गेलं असेल आणि नंतर लक्षात आलं तर लगेच लेखी अर्ज द्या की माहिती चुकीची दिली गेली, खरी हकीकत अशी आहे, आणि त्या अर्जावर हॉस्पिटलचा शिक्का घ्या.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी, ड्रेसिंगच्या तारखा, जखमेचे फोटो (बघवत नाहीत, तरी काढा), औषधांची बिलं स्वतःच्या नावावर. २००९ च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा आहे, त्याला वरची मर्यादा नाही, आणि मालकाने उपचारावर केलेला खर्च भरपाईतून कापता येत नाही. "तुझ्यावर ऐंशी हजार खर्च केला, आता कसली भरपाई मागतोस" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा, पण त्याला कायद्यात काही आधार नाही.

सही करायच्या आधी

अपघातानंतर आठवडाभरात कुणीतरी कागद घेऊन घरी येतं. कधी कोरा असतो, कधी त्यावर 'माझ्या चुकीने अपघात झाला, माझी कसलीही तक्रार नाही, रक्कम भरून पावलो' असं लिहिलेलं असतं, कधी सरळ राजीनामा असतो. वीस-तीस हजार रोख देतात आणि म्हणतात बरा झालास की परत कामावर ये.

पैसे घरात लागतात, नाकारा असं कुणाला म्हणायची माझी हिंमत नाही. पण कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नाही. कायदा असा आहे की भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार मुळातच रद्दबातल असतो, आणि रकमेबद्दल तडजोड झाली तर ती आयुक्ताकडे नोंदवावी लागते, रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक-दबाव दिसला तर आयुक्त ती नोंदवायला नकार देऊ शकतात. म्हणजे गाळ्याच्या ऑफिसात झालेल्या सहीने सगळं संपलं असं होत नाही. आधीच सही केली असेल तरी दावा टाका, फक्त मिळालेली रक्कम लपवू नका, दाव्यात स्वतःहून सांगा.

ईएसआय कापला जातो का ते बघा, कारण इथून रस्ते वेगळे होतात

पगाराची स्लिप काढा. ईएसआयचे ०.७५ टक्के कापलेले दिसतात का? तुमच्याकडे दहा आकडी विमा क्रमांक आहे का? दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि महिना २१,००० पर्यंत पगार (दिव्यांग कामगारासाठी २५,०००) अशी मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर भरपाई ईएसआय महामंडळाकडून, आणि त्याच दुखापतीसाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. १९९६ साली ए. त्रेहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. वकील दोन्ही करू म्हणत असेल तर त्याला हे विचारा.

ईएसआयमध्ये करायचं काय, तर आधी मालकाकडून अपघाताचा रिपोर्ट ब्रँच ऑफिसला गेलाय का ते बघायचं, फॉर्म १२ म्हणतात त्याला. मालकाने साधारण २४ तासांत तो पाठवायचा असतो. पाठवत नसेल तर स्वतः ब्रँच मॅनेजरला लेखी कळवा, सोबत केसपेपरची झेरॉक्स. मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तितके दिवस रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळतात. अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस अक्षमता असली पाहिजे. आणि आजारपणाच्या लाभासारखी इथे किती दिवसांची वर्गणी भरली ही अट नाही, कामावर लागून पहिला दिवस असला तरी हक्क आहे.

मालकाने नाव नोंदवलंच नव्हतं, किंवा अपघात झाल्यावर घाईघाईत नोंदवलं, हा प्रकार भरपूर चालतो. तुम्ही विम्यात बसणारे कामगार होता एवढं दाखवता आलं की हक्क जात नाही, महामंडळ पैसे देतं आणि मालकाकडून वसूल करतं. त्यासाठी हजेरी, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, गणवेशातला फोटो, काहीही चालतं.

जखम भरली पण बोट नाहीच, तेव्हा मेडिकल बोर्ड. बोर्ड ठरवतं की कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, आणि त्या टक्क्यानुसार दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम सुरू होते, आयुष्यभर. हे लोकांना माहीतच नसतं, ९० टक्केवाले पैसे संपले की फाइल बंद झाली असं समजून गप्प बसतात. बोर्डापुढे जाताना तुमचं काम नेमकं काय होतं ते सांगा, पकड लागते का, छोटे पार्ट उचलावे लागतात का. टक्के कमी वाटले तर अपील आहे, पण त्याची मुदत कागदावर लिहिलेली असते, ती चुकवू नका. आणि हे ९० टक्केवाले, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना मालक तुम्हाला कामावरून काढू शकत नाही.

ईएसआय नसेल तर मालकावर दावा

चार माणसांचं वर्कशॉप असलं तरी चालतं, मशीन विजेवर चालतं आणि तिथे उत्पादन होतं एवढं पुरे. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने चालणारी शेतीची कामंही यात येतात. मळणीयंत्रात इतके हात गेले की १९८३ साली त्यासाठी धोकादायक यंत्रं नियमन कायदा वेगळा करावा लागला होता.

आधी नोटीस. साध्या भाषेत, एका पानात: नाव, काम, पगार, अपघाताची तारीख-वेळ, कुठलं मशीन, काय बिघाड होता, काय दुखापत, भरपाई द्या. स्पीड पोस्टने पाठवा, ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा. मालकाला अपघात माहीतच होता असं असेल तर नोटीस नव्हती म्हणून दावा फेटाळता येत नाही, तरी पाठवाच. ठेकेदाराकडून कामाला असाल तर ठेकेदार आणि मुख्य कंपनी दोघांनाही पाठवा. कंपनीच्या धंद्याचंच काम तिच्या जागेत करत असाल तर कंपनीही जबाबदार असते, नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करू दे, तो त्यांचा प्रश्न.

आता हिशेब. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणक. गुणक कायद्याच्या तक्त्यात दिलेत: २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. अर्धवट नुकसान असेल तर त्या रकमेचे ठरलेले टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०, दुसरा डोळा नीट असताना एक डोळा गेला तर ४०.

समजा ३० वर्षांचा ऑपरेटर, पगार १४,०००, तर्जनी पूर्ण गेली. १४,००० चे ६० टक्के ८,४००. गुणिले २०७.९८ म्हणजे १७,४७,०३२. त्याचे १४ टक्के म्हणजे २,४४,५८४ रुपये. तोच पगार, तेच बोट, पण माणूस ५० चा असेल तर १,८०,०३४. ज्याला वीस हजार रोख देऊन सही मागितली जाते त्याने हा हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

हिशेबात धरायच्या पगाराला वरची मर्यादा असते, जानेवारी २०२० मध्ये ती ८,००० वरून १५,००० झाली, म्हणजे पगार २५,००० असला तरी १५,००० च धरायचे. दावा टाकताना त्या वेळचा चालू आकडा बघून घ्या. रोख पगार असेल आणि स्लिप नसेल तर त्या उद्योगाचं किमान वेतन तरी मागायचंच.

तक्त्यात न बसणाऱ्या दुखापती, म्हणजे हाताची नस गेली, बोट आहे पण वाकत नाही, अशा ठिकाणी डॉक्टर कमाईची क्षमता किती गेली ते सांगतात. इथे एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, १९७६. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान १०० टक्के धरा. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'किती टक्के अपंगत्व' विचारू नका, माझं जे काम होतं ते आता मला करता येईल का, हे लिहून मागा.

बरं होईपर्यंतच्या काळासाठी दर पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षं.

दावा कुठे, कधी, वकील कोण

मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आयुक्ताचं काम बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बघतात. दावा अपघाताच्या ठिकाणी, मालकाचं नोंदणीकृत ऑफिस असेल तिथे, किंवा तुम्ही राहता तिथेही टाकता येतो. म्हणजे चाकणला बोट गेलं आणि माणूस लातूरला गावी परतला, तर लातूरला दावा टाकता येतो, दर तारखेला पुण्याला यायची गरज नाही. ही सोय वापरत नाहीत लोक.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळायचा हक्क आहे, जिल्हा न्यायालयात त्यांचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. टक्केवारीवर काम करणारे वकील आणि हॉस्पिटलच्या दारात भेटणारे एजंट यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

दाव्यात मालकाची विमा कंपनी असेल तर तिलाही पक्षकार करा. आणि व्याज व दंड मागायला विसरू नका, कारण अपघात झाला त्या दिवसापासून भरपाई देणं लागतं. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड मालकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, विमा कंपनी भरत नाही, आणि तडजोडीच्या टेबलावर मालक हलतो तो या एका आकड्यामुळे.

मृत्यूच्या केसमध्ये मालकाने रक्कम आयुक्ताकडे जमा करायची असते. घरच्यांच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल चालते.

तारखेला तुम्हाला विचारलं जाईल गार्ड होतं का, तुम्ही काढलं का, ट्रेनिंग दिलं होतं का. जे माहीत आहे तेवढंच सांगा. ट्रेनिंगच्या रजिस्टरवर तुमची सही असेल पण ट्रेनिंग झालंच नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. मशीनचे फोटो कुणी, कधी काढले ते त्या माणसाने स्वतः येऊन सांगितलेलं बरं.

मशीन बनवणाऱ्या कंपनीवर जाता येतं का?

जाता येतं, पण पहिला रस्ता तो धरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूंसाठी उत्पादकाची जबाबदारी आहे, मात्र कारखान्याने धंद्यासाठी घेतलेल्या मशीनमध्ये कामगार 'ग्राहक' होतो का, इथूनच वाद सुरू होतो. शिवाय धोक्याची सूचना दिली नाही अशी तुमची तक्रार असेल, मशीन मालकाने कामाच्या जागेसाठी घेतलेलं असेल आणि उत्पादकाने त्याला सूचना दिल्या असतील, तर उत्पादक सुटतो, कलम ८७ मध्ये तसं लिहिलंय. मशीनच्या रचनेतच दोष असेल, म्हणजे नवंकोरं असताना क्लच तुटला वगैरे, तर वकिलाशी बोला आणि दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. मालकाविरुद्ध मात्र भरपाईचा दावा किंवा दिवाणी दावा, दोन्हींपैकी एकच. दिवाणीत हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो आणि वर्षं जातात, म्हणून बहुतेकांना भरपाईचाच बरा.

निकाल लागला, पैसे आले नाहीत

मालक हायकोर्टात अपील करू शकतो, मुदत ६० दिवस, पण आधी पूर्ण रक्कम जमा करून तसा दाखला अपिलाला जोडावा लागतो. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर वसुलीचा अर्ज द्यायचा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे दाखला महसूल खात्याकडे जातो आणि तहसीलदार जप्तीपर्यंत जाऊ शकतात. तिथे फाइल पडून राहते ती बहुधा मालकाची मालमत्ता कुठे आहे हे कुणी न दिल्यामुळे. म्हणून अर्जासोबतच गाळा किंवा प्लॉट नंबर, जीएसटी नंबर, बँकेचं नाव (पगार ज्या खात्यातून यायचा ते तुमच्या पासबुकातच दिसतं), मालकाच्या नावावरच्या गाड्या, आणि आत कुठली मशीन्स आहेत त्यांची यादी लावा. नेमप्लेटचे फोटो काढले असतील तर ती यादी करायला अर्धा तासही लागत नाही.